ऑक्सिडीकरण अंक: नियमांनी काढावा की रचनेवरून?

अभिक्रिया रेडॉक्स (म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण असलेली) आहे का, हे एखाद्या अणूचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे बंधांतले इलेक्ट्रॉन वाटून दिल्यावर त्याच्यावर येणारा मानलेला प्रभार, बदलला का यावरून ठरतं. तो अंक काढायच्या वाटा मात्र दोन आहेत.

नियमांची वाट झटपट आहे. ऑक्सिजन −२, हायड्रोजन +१, उदासीन रेणूत बेरीज शून्य. पोटॅशियम परमँगनेटमध्ये पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन −८, म्हणून मँगनीज +७. पिवळ्या क्रोमेटचं नारिंगी डायक्रोमेट होताना रंग बदलतो, पण क्रोमियम दोन्हींत +६ च. म्हणजे ही रेडॉक्स नाही. अशा रोजच्या अकार्बनी उदाहरणांसाठी दुसरं काही लागत नाही.

रचनेच्या वाटेवर आधी बंध काढायचे, प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन जास्त विद्युतऋण (इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या) अणूला द्यायचे, सारख्या अणूंत निम्मे-निम्मे वाटायचे. वेळ जातो, आणि रचना माहीत असावी लागते.

इथेनॉलचं इथेनाल होताना नियमांनी कार्बन −२ वरून −१ वर जातो. रचना सांगते की मिथाइलचा (तीन हायड्रोजनवाला) कार्बन −३ वरच राहतो आणि ऑक्सिजनला जोडलेला −१ वरून +१ होतो. दोन्ही वाटांनी गेलेले इलेक्ट्रॉन दोनच येतात, त्यामुळे समीकरण संतुलित करायला कोणतीही वाट चालते. बदल नेमका कुठे झाला हे मात्र रचनाच दाखवते. म्हणून कार्बनी रसायनात मी तिच्याच बाजूने आहे.

खरा धोका पेरॉक्साइडमध्ये आहे, म्हणजे जिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येक −१ वर असतो. आम्ल डायक्रोमेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की गडद निळं संयुग बनतं: एक क्रोमियम, पाच ऑक्सिजन. सगळे ऑक्सिजन −२ धरले तर क्रोमियम +१० येतो. पेरॉक्साइडचा ऑक्सिजन −१ वरून −२ झाला असं दिसतं, इलेक्ट्रॉनांचा हिशेबही चोख जुळतो, म्हणून चूक लपते. पण क्रोमियमकडे संयुजा इलेक्ट्रॉन (बंधांसाठी वापरता येणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन) सहाच! रचनेत चार ऑक्सिजन पेरॉक्साइडच्या जोड्यांत, म्हणजे −१ वर आहेत, आणि क्रोमियम +६ च. कशाचाच अंक बदललेला नाही.

तेव्हा सुरुवात नियमांनीच करा. उत्तर संयुजा इलेक्ट्रॉनांच्या संख्येपेक्षा मोठं आलं, तर लगेच रचना काढा. अपूर्णांक आला तरी बहुधा तेच करावं लागतं: टेट्राथायोनेटमध्ये (चार गंधक अणूंची साखळी असलेल्या आयनात) गंधक +२.५ येतो, पण ती सरासरी असते. प्रत्यक्षात टोकांचे दोन अणू +५ आणि मधले दोन शून्य असतात.