वाटी, मापाचा कप की काटा?

दिवाळीच्या तोंडावर ठरलेला प्रश्न येतो: अर्धा किलो बेसन म्हणजे वाट्या किती? मी उलट विचारते, वाटी कुठली? आमच्याकडे आमटीची वाटी 150 मिलीची, मापाचा कप 250 मिलीचा आणि राइस कुकरसोबत आलेला प्लास्टिकचा कप 180 मिलीचा. घरात तिघांनाही ‘वाटी’च म्हणतात.

कपांचा संच घ्यावा की काटा, हे तुम्ही काय रांधता त्यावर आहे.

एकास एक, एकास दोन अशा प्रमाणाच्या पदार्थांना वाटीला तोड नाही. उकडीच्या मोदकांना जेवढी तांदळाची पिठी तेवढंच पाणी. इडलीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ. वाटी लहान असो की मोठी, शेवटपर्यंत तीच वापरली की झालं. तिथे काटा काढून बसणं म्हणजे नसता उपद्व्याप. माप आणि वजन यांचा घोळ तसा जुनाच आहे म्हणा. धान्य मोजायची पायली ज्या चार शेरांची होते तो मापी शेर वेगळा आणि 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा, वजनी शेर वेगळा.

वाटी फसते ती पिठात. मैद्याच्या डब्यात कप खुपसला, वरून सुरी फिरवून सपाट केला, तर काट्यावर 150 ग्रॅम भरतो. तोच मैदा चाळून चमच्याने अलगद भरा, 125 च्या आसपास येतो. दोन कपांच्या केकमध्ये 50 ग्रॅमचा फरक पडला, की केक दगड होतो आणि आपण ओव्हनला बोल लावतो.

साखरेची गंमत आणखी निराळी. 250 मिलीच्या कपात साधी साखर 200 ग्रॅमच्या जरा वर जाते, पिठीसाखर मात्र जेमतेम 125. म्हणजे ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ यांत लाडू अगोड होण्याइतकं अंतर आहे. कृती लिहिणारे हे क्वचितच स्पष्ट करतात. गुळाचंही तेच: चिरून सैल भरला की दाबून, कोण सांगतं? ग्रॅममध्ये लिहिलं असेल तर हे प्रश्नच उरत नाहीत.

पातळ पदार्थांची फार काळजी नको. पाणी जितके मिली तितके ग्रॅम, दूध जवळपास तेवढंच. तेल हलकं, लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम. मध मात्र पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड.

परदेशी कृती करत असाल तर काटाच हवा. अमेरिकेचा कप 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा 250 चा. टेबलस्पून सगळीकडे 15 मिली, पण ऑस्ट्रेलियात 20. अमेरिकन कृतीतली लोण्याची ‘स्टिक’ 113 ग्रॅमची, आपलं छोटं पाकीट 100 चं.

काट्याचीही एक खोड आहे. घरगुती काटे एकेक ग्रॅमने पुढे जातात, त्यामुळे तीन ग्रॅम यीस्ट किंवा पाव चमचा सोडा त्यावर मोजायला जाऊ नये. तिथे 5 मिलीचा मापाचा चमचाच बरा.

माझं मत विचाराल तर आधी काटा आणि मापाचे चमचे घ्या; कपांच्या संचावाचून काही अडत नाही. अगदी काटाही घ्यायचा नसेल, तर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत तुमच्या किती वाट्या भरतात ते बघा. दोन भरल्या तर वाटी 250 मिलीची. आणि साखर-रव्याची किलोची पिशवी फोडाल तेव्हा डब्यात ओतताना वाट्या मोजा. आयतं कोष्टक शोधण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण वाटी तुमची आणि भरणारा हातही तुमचाच. माझ्या बेसनाच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहिलेलं आहे: अर्धा किलो, साडेचार कप, न दाबता.