अमेरिकेची इस्त्री आणि खडेबाजारातली इस्त्री

भाच्याने अमेरिकेहून वाफेची देखणी इस्त्री आणली असली, तरी शहापूरच्या आमच्या घरात गेले वर्षभर वापरात आहे ती खडेबाजारातून घेतलेली १००० वॅटची साधी इस्त्री. हे परीक्षण तिचेच आहे; मात्र ती का घ्यावी लागली, ते आधी सांगायला हवे.

भाच्याच्या इस्त्रीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १५०० वॅट असे छापलेले आहे आणि आपल्या घरांत वीज येते ती २३० व्होल्टची. पिना बसेनात म्हणून बाजारात चौकशी केली, तेव्हा एका दुकानदाराने छोटा अडॅप्टर पुढे करून ‘आता खुशाल वापरा’ असे सांगितले. हा सल्ला घातक होता. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब कमी करत नाही. आणि दाब दुपटीच्या जवळ गेला की तापणारी तार साडेतीनपटीहून अधिक वीज खेचते. म्हणजे ती इस्त्री १६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे २४ अँपिअर मागणार. दुबईहून येणाऱ्यांची इस्त्री इथे चालते, कारण तिथला दाब आपल्याइतकाच आहे. तिथे प्रश्न खरोखर पिनांपुरताच असतो.

खडेबाजारातल्या इस्त्रीवर आयएसआय चिन्ह आहे, ठरलेल्या उष्णतेला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आहे आणि तोच बिघडला तर कायमचा तुटून पुरवठा बंद करणारा थर्मल फ्यूज आहे. सर्वांत खालच्या खुणेवर ठेवून तिने कृत्रिम रेशमाच्या साड्या केल्या. एकदाही कापड चिकटले नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दिवसेंदिवस दमट राहतात, त्यांनाही १००० वॅट पुरतात. जाड सुती धोतराला मात्र पाणी शिंपडावेच लागते.

तिच्या तीन पिनांपैकी लांब आणि जाड पिन अर्थिंगची. आमच्या जुन्या घरातल्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, हे वायरमनने तपासल्यावर कळले. आत कुठे तार सुटून पत्र्याला लागली असती, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून इस्त्री करणाऱ्या माझ्या बहिणीला झटका बसला असता, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. नवी इस्त्री घेणाऱ्याने ही तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

उणिवा दोन आहेत. वायर आखूड आहे, त्यामुळे भिंतीवरच्या उंच सॉकेटपासून टेबल दूर नेता येत नाही. दुसरी उणीव मोठी आहे: पालथी विसरून राहिली तर थोड्या वेळात आपोआप बंद होण्याची भाच्याच्या इस्त्रीतली सोय हिच्यात नाही. थर्मोस्टॅट उष्णता आवरतो, पण इस्त्री चालूच राहते. म्हणून फोन वाजला तरी आम्ही आधी बटण बंद करतो.