‘लेफ्टी स्पेशल मॉड्यूल’ : टेनिसच्या ऑनलाइन कोर्सने आम्हाला कसं गंडवलं

पैसे कुठे गेले ते आधी सांगतो. मुलीसाठी घेतलेल्या ऑनलाइन टेनिस कोर्सचे ८,९९९ रुपये, त्यावर ‘लेफ्टी स्पेशल मॉड्यूल’चे २,९९९, आणि वरून कोणी न मागितलेली दरमहा ४९९ रुपयांची कापणी. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय नाव बदलून नवी जाहिरात टाकायला या लोकांना एक दुपार पुरते. पद्धत मात्र लवकर बदलत नाही, म्हणून ती नीट सांगतो.

मुलगी सातवीत आहे, डावखुरी. नदालच्या जुन्या मॅचेस बघून बघून तिला टेनिसचं वेड लागलं. आम्ही राहतो मानेवाड्याला, माझं छपाईचं दुकान महालात, आणि टेनिस कोर्ट रामनगरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यात मे महिना. नागपुरात नवतपा लागला की सकाळी आठनंतर पोरांना बाहेर कोण काढतो? आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगला एक लांब सपाट भिंत आहे. सकाळी लवकर भिंतीवर खेळायचं, दुपारी कूलरसमोर बसून व्हिडिओ बघायचे, असं ठरलं. योजना वाईट नव्हती, आजही तसंच चालू आहे. फक्त व्हिडिओ वेगळे आहेत.

जाहिरात होती ९९ रुपयांच्या ‘लाइव्ह मास्टरक्लास’ची. तो लाइव्ह नव्हताच. रेकॉर्डिंग लावून बाजूला चॅट पळत होतं, ‘जॉइंड’, ‘अमेझिंग सर’, ‘पेमेंट डन’. मुलीने दोनदा प्रश्न टाकला की डावखुऱ्यांनी काय करायचं. उत्तर नाही. शेवटी स्क्रीनवर उलटं घड्याळ सुरू झालं : पुढच्या पंधरा मिनिटांत घेतलं तर २४,९९९ चा कोर्स ८,९९९ ला. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासूनच सुरू! या प्रकाराला ‘खोटी घाई’ म्हणतात आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ती नावानिशी बसते. हे मला नंतर कळलं.

मग ‘काउन्सेलर’चा फोन. गोड आवाज, पक्की हिंदी. “सर, बेटी में टॅलेंट है, हमारे कोच ने व्हिडिओ देखा है.” कोणता व्हिडिओ? आम्ही तोवर एकही पाठवला नव्हता. हे विचारल्यावर बाई जराही अडखळल्या नाहीत : “सर, सिस्टम में दिख रहा है.” कोर्समध्ये काय मिळणार, तर ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड’ कोचचे धडे, घरपोच किट, आणि मुलीने पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओवर ‘पर्सनल ॲनालिसिस’. खरं तर पैसे मोजले ते या शेवटच्या गोष्टीसाठी. फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, कसा मारावा हे फुकटात दाखवणारे चांगले व्हिडिओ ढिगाने आहेत. आपला फोरहँड कुठे चुकतो ते बघणारं माणूस फुकटात मिळत नाही.

किटमध्ये आली २७ इंची रॅकेट आणि पिवळे चेंडू. २७ इंच हे मोठ्या माणसाचं माप. मुलांच्या रॅकेट त्याहून लहान, २६ इंचांपर्यंत, उंचीप्रमाणे घ्यायच्या असतात. चेंडूंचंही तसंच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या वर्गवारीत लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा तर २०१२ पासून पिवळ्या चेंडूने घेताच येत नाहीत. शिकाऊ मुलीला किट पाठवताना वय आणि उंची न विचारणारा कोच कसला, हा प्रश्न तिथेच पडायला हवा, आणि तो तुम्हाला पडावा म्हणून हे इतकं लिहिलं.

आता मॉड्यूलची गंमत. मूळ कोर्समधले सगळे धडे उजव्यांसाठी. मुलगी कुरकुरली, मी फोन केला, आणि बाईंनी लगेच ‘लेफ्टी स्पेशल’ काढलं. त्यातला कोच खरोखर डाव्या हाताने खेळत होता. मुलगी खूश. मी एक दिवस दुकानातून आलो, जेवताना तिच्या टॅबकडे नजर गेली आणि घास हातातच राहिला. कोचच्या मागे कोर्टच्या कडेला एक बाक होतं, त्याच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं. ती उलटी होती. आरशात दिसतात तशी. माझा धंदाच छपाईचा आहे बाप्पा! स्टॅम्पसाठी उलटी अक्षरं लावण्यात उमर गेली. ती माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

उजव्या कोचचे तेच व्हिडिओ आडवे पलटवून डावखुऱ्यांसाठी खास म्हणून विकले होते. वर हिंदी आवाज चढवलेला, कोपऱ्यातलं मूळ चॅनेलचं चिन्ह धूसर केलेलं. मी एक फ्रेम दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतली, सुलटी केली, बाकावरची अक्षरं वाचली आणि त्यावरून शोधलं. मूळ व्हिडिओ एका परदेशी कोचचा, यूट्यूबवर सगळ्यांना मोफत.

कोणी म्हणेल, पलटवला तर काय बिघडलं, डावखुऱ्याला बघायला सोपंच झालं की. अर्धं खरं आहे. नुसता स्ट्रोक बघायला पलटवलेला व्हिडिओ चालतो, आणि तो कोणत्याही फोनवर फुकटात पलटवता येतो. पण आवाज पलटवलेला नव्हता. चित्रात कोचचा डावा पाय मागे, आवाज म्हणतो “राइट फुट पीछे”. बारा वर्षांच्या पोरीने पाहायचं की ऐकायचं?

सर्व्हिसच्या धड्यात तर कहर. टेनिसमध्ये खेळाडू उजवा असो की डावा, प्रत्येक गेमचा पहिला पॉइंट कोर्टच्या उजव्या भागातूनच सर्व्ह होतो. या व्हिडिओत गेम शून्य-शून्यवर डावीकडून सुरू होत होता. आणि डावखुऱ्याचं जे खरं हत्यार, तेच गायब. डावखुऱ्याने डावीकडून, म्हणजे ॲड कोर्टमधून, स्लाइस सर्व्हिस, म्हणजे चेंडूला बाजूने घासून फिरकी देणारी, केली की चेंडू बाहेर वळत जातो आणि समोरच्या उजव्या खेळाडूला कोर्टाबाहेर ओढून बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, मारायला लावतो. नदालने त्यावर किती पॉइंट काढले असतील! पण पलटवलेल्या चित्रात समोरचाही डावरा झालेला. त्यामुळे चेंडू सरळ त्याच्या फोरहँडवर जातो, आणि मुलगी विचारते, “बाबा, ही सर्व्हिस चांगली कशी?” प्रश्न बरोबर होता. त्या कोर्समध्ये उत्तर नव्हतं.

आता ‘पर्सनल ॲनालिसिस’. मुलीने भिंतीवरच्या फोरहँडचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं : ग्रेट एफर्ट, बॉल थोडा पुढे घ्या, गुडघे आणखी वाकवा, फॉलो-थ्रू (चेंडू मारल्यानंतरचा रॅकेटचा झोका) डाव्या खांद्यावर संपवा. डावखुऱ्या मुलीचा फोरहँड उजव्या खांद्याकडे संपतो. डाव्या खांद्यावर न्यायचा तर हाताला गाठ मारावी लागेल. बॅकहँडचा पाठवला, तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. मग माझ्या पोट्टीने जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो. हॉलमध्ये कूलरसमोर उभी राहून तिने हवेतच रॅकेट फिरवली आणि तो व्हिडिओ पाठवला. चेंडू नाही, भिंत नाही, मागे आजी पेपर वाचत बसलेली. संध्याकाळी उत्तर : “ग्रेट एफर्ट, बॉल थोडा पुढे घ्या.”

खरं विश्लेषण करणारा माणूस उत्तराआधी प्रश्न विचारतो, हे मला पुढे एका कोचकडून कळलं. चेंडू रॅकेटच्या तारांवर जेमतेम चार-पाच मिलिसेकंद टिकतो. फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. चेंडू लागतो तो क्षण बहुतेक वेळा व्हिडिओत सापडतच नाही. म्हणून जाणकार आधी सांगेल की स्लो-मोशनमध्ये काढा, सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं. एक पाठीमागून, एक बाजूने. फोन कमरेच्या उंचीवर टेकवून ठेवा. आणि अर्थातच विचारेल, हात कोणता? आम्हाला यातलं काहीही कोणी विचारलं नाही. तुम्ही असा कोर्स घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक व्हिडिओ पाठवून बघा. ‘आधी पेमेंट, मग ॲनालिसिस’ म्हणाले तर फोन ठेवा. आणि उत्तर आलंच तर त्यात तुमच्या पोराबद्दल असं एखादं वाक्य आहे का बघा, जे शेजारच्या पोराला लागू होणार नाही.

४९९ ची कापणी वेगळीच. मॉड्यूल ‘ॲक्टिव्हेट’ करायला एक रुपया यूपीआयने भरायला लावला होता. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत एक रुपया, खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम आणि ‘मंथली’. तो एक रुपया म्हणजे ऑटोपेची, दरमहा आपोआप पैसे कापायची, परवानगी (मँडेट). एकदा पिन टाकला की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कापण्यांना बहुतेक ठिकाणी पुन्हा पिन लागत नाही. मात्र पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती आली, बायकोने वाचली, म्हणून कळलं. बंद करायला कंपनीच्या हातापाया पडायची गरज नाही. आपल्याच यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथे जाऊन मँडेट रद्द करता येतं. आत्ता वाचता वाचता एकदा उघडून बघाच. समोरच्या फ्लॅटमधल्या काकाजींनी बघितलं, तर त्यांच्या नावावर कुठल्याशा ज्योतिष ॲपची कापणी निघाली.

परतावा मागितला तेव्हा कंपनीने ‘क्रेडिट पॉइंट’ देऊ केले, त्यांचेच दुसरे कोर्स घ्यायला. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की खरा मालक कोण ते दिसतं. पैसे भरण्याआधी तो मागा. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. यांच्या साइटवर फक्त एक चॅटबॉट. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर ऑटोपेचे कापलेले पैसे परत आले, कोर्सचे नाहीत. (खात्यातून पैसे परस्पर गेले असतील तर १९१५ नाही, लगेच १९३० फिरवा; ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.)

मुलीचं म्हणाल तर महिन्यातून एखादा रविवार रामनगरला जातो. तिथल्या एका कोचने पहिल्याच भेटीत तिच्या हातातली रॅकेट काढून घेतली. “बेटा, ही पप्पांची आहे का?” २६ इंची दिली, हिरव्या ठिपक्याचे चेंडू दिले, मूठ किंचित फिरवली आणि भिंतीवर काय करायचं ते सांगितलं. मधल्या आठवड्यांत व्हिडिओ मोफतचेच. निवडताना आता मी एक बघतो : पडद्यावर एखादा सामान्य शिकाऊ चुकताना दिसतो का, आणि कोच ती चूक तिथेच दुरुस्त करतो का. नुसते नामांकित खेळाडूंचे स्लो-मोशन फटके आणि वर पार्श्वसंगीत असेल तर ते बघायला छान, शिकायला कुचकामी. एका व्हिडिओत एकच गोष्ट असेल तर उत्तम. ‘सात दिवसांत प्रो सर्व्हिस’ असं शीर्षक असेल तर पुढे चला.

कोर्सच्या पैशांसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, हवेत फिरवलेल्या रॅकेटचा व्हिडिओ आणि त्यावरचं उत्तर, सगळं जोडलंय. बाकाच्या फोटोच्या दोन प्रती दुकानातच काढल्या, एक त्यांच्या मॉड्यूलमधली आणि एक सुलटी केलेली, दोन्ही चांगल्या ग्लॉसी कागदावर.