प्रॉकमेल की सीव्ह? रावेरच्या केळी पेढीसाठी मेलची चाळण

रावेरच्या एका केळी पेढीचा मेल डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणाऱ्या छोट्या सर्व्हरवर येतो. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, ट्रकच्या बिल्ट्या, बँकेचे मेल आणि जाहिराती, सगळं एकाच इनबॉक्समध्ये. घड कापले की केळी थांबत नाहीत, म्हणून ऑर्डर वेगळी दिसायलाच हवी. आलेला मेल नियमांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत वाटणारी दोन साधनं इथे समोर आहेत: प्रॉकमेल आणि सीव्ह.

प्रॉकमेल 1990 पासूनचं. डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा सर्व्हर) नसलं तरी नुसत्या पोस्टफिक्सबरोबर (मेलची ने-आण करणारा सर्व्हर) चालतं, आणि आलेला मेल थेट तुमच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या हाती देतं. ऑर्डरमधली गाड्यांची संख्या काढून वहीत उतरवायची असेल, तर ही ताकद खरी आहे. पण त्याची भाषा म्हणजे चिन्हांचा गुंता. नियमाची सुरुवात ':0:' अशी होते; 'कोलन-शून्य-कोलन' यातला दुसरा कोलन फाइलला कुलूप लावतो, म्हणजे एका वेळी एकच मेल तिच्यात लिहिला जातो. मी तो एकदा विसरलो होतो. एकाच वेळी आलेले दोन मेल एमबॉक्स फाइलमध्ये (सगळे मेल एकाच फाइलीत) एकमेकांत मिसळले आणि एक ऑर्डर वाचता येईना. मेलडिर (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) वापरलं तर ही भीती उरत नाही. शिवाय 2001 च्या 3.22 आवृत्तीनंतर प्रॉकमेलचं काम वर्षानुवर्षं थांबलं होतं. 2014 मध्ये तेव्हाच्या देखभालकर्त्यानंच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून ते काढायला सुचवलं. मूळ लेखक परतल्यावर 2022 मध्ये 3.24 आली.

सीव्ह म्हणजे चाळणीच, मेल वाटण्याचे नियम लिहायची भाषा. आरएफसी 5228 (इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज) हे तिचं 2008 चं प्रमाण. तिच्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा) नाही, बाहेरचा प्रोग्रामही मूळ भाषेतून चालवता येत नाही, त्यामुळे कुणाच्या नियमानं सर्व्हर अडकत नाही. नियम चालताना चुकला तर मेल इनबॉक्समध्येच राहतो, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. मॅनेजसीव्ह (नियम दुरून बदलायची सेवा) 4190 पोर्टवर चालू केलं की मुनीमजी राउंडक्यूबमधून, म्हणजे ब्राउझरमधल्या मेलच्या पानावरून, माउसनं नियम बदलू शकतात. कानबाईच्या सणाला पेढी बंद असताना 'सुट्टी आहे' हे उत्तर प्रत्येकाला एकदाच जावं, याचीही सोय आहे. मात्र डव्हकॉट आणि त्याचं सीव्ह पॅकेज बसवावं लागतं.

स्पॅम ओळखणं दोघांचंही काम नाही. ते स्पॅमअसॅसिन हा वेगळा प्रोग्राम करतो, ही दोन्ही साधनं फक्त त्याचा शिक्का पाहून वाटणी करतात.

नवीन मांडणी असेल तर भाऊ, सीव्हच घ्या. प्रॉकमेलचे जुने नियम नीट चालत असतील, किंवा स्क्रिप्ट लागतच असेल, तर ते राहू द्या, पण 3.22 वर राहू नका. कोणतंही घेतलं तरी पहिले पंधरा दिवस एकही मेल पुसू नका, 'संशयित' फोल्डरमध्ये टाका आणि रोज संध्याकाळी तो उघडून पाहा.