फुकटचं एआय कॉस्टिंग मला केवढ्याला पडलं

भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे, ३ व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी धातू कापायची मशीनं) आणि ९ माणसं. अॅल्युमिनियमचा एक पातळ भिंतीचा जॉब, म्हणजे पार्ट, करायचो, क्लॅम्प सोडला की वाकडा होणारा. तो सरळ यायला मला नि आमच्या अण्णाला, म्हणजे जुन्या ऑपरेटरला, दीड वर्ष आणि पोतंभर रिजेक्शन लागलं. (कसा आणला ते इथे सांगणार नाही, एवढं शहाणपण आता आलंय.)

दिवाळीनंतर एकजण आला, गोड बोलणारा, साहेब लहान युनिटसाठी एआय कॉस्टिंग आहे, ड्रॉइंग टाकलं की क्वोटेशन तयार, ३ महिने फ्री, फक्त आधी जुन्या जॉबची ड्रॉइंग, प्रोसेस शीट, मशीनचा प्रोग्राम, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) सगळं अपलोड करा म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्याकडून शिकेल. क्वोटेशन करता करता माझे रोज रात्रीचे ११ वाजायचे, त्यामुळे हुरळलो आणि एका रविवारी बसून ४० जॉब चढवले. अटींवर टिक केली, वाचतंय कोण.

जूनमध्ये तो जॉब गेला. दुसऱ्याने १५ टक्के कमी रेट दिला म्हणे. म्हटलं जाऊ दे, वाकडे पीस मिळाले की येतील परत. आलेच नाहीत. मग आमच्याकडून सोडून गेलेल्या एका पोराने त्या दुसऱ्याच्या शॉपमधल्या मशीनच्या स्क्रीनचा फोटो पाठवला, प्रोग्रामच्या मधोमध कॉमेंट, 'अण्णा क्लॅम्प डिला कर'. इंग्रजी अक्षरात ढिला लिहिताना एच मीच खाल्लेला!

सॉफ्टवेअरवाला म्हणतो सर तुमचा डेटा कोणी बघत नाही, मॉडेल शिकतं. अरे, मॉडेल अण्णाला ओळखतं का? अटी आता वाचल्या, त्यात डेटा 'भागीदारांना' द्यायची परवानगी मीच दिलेली.

वकील म्हणाले ट्रेड सीक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपिताचा, वेगळा कायदाच नाही आपल्याकडे, लॉ कमिशनने मार्च २०२४ मध्ये करा म्हणून अहवाल दिला तेवढंच, तोवर करार नि विश्वासभंग यावरच भांडायचं. गुप्त ठेवायला तुम्ही काय केलंत? काहीच नाही. बरं, ड्रॉइंग कोणाचं? कस्टमरचं, आणि तिसऱ्याला देणार नाही म्हणून त्याच्या एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, माझीच सही. म्हणजे बोंब मारली तर आधी मीच अडकतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला ती बातमी वाचून मी हसलो होतो.

तर कोणी असं फ्री ट्रायल घेऊन आलं तर डेटा कुठे राहणार, कोणाला जाणार, कधी पुसणार हे आधी लेखी घ्या, आणि ट्रायलला स्वतःचं एखादं बंद पडलेल्या जॉबचं ड्रॉइंग द्या, कस्टमरचं अजिबात नको. प्रोग्राम तर देऊच नका, नुसत्या कॉस्टिंगला प्रोग्राम कशाला लागतो, तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉपीत मी एक बिनकामाची ओळ टाकतो, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे फुटली तर कोणाकडून ते कळेल. ओळी अण्णा सांगतो. परवाच्या कॉपीत त्याने गावाकडच्या म्हशीचं नाव घातलंय.