दोनशे चौदा विक्री, चार ओळी: शेअरचं आयकर रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर घेऊन आठ महिने झाले

गेल्या जूनमध्ये, आगरातलं शिंपणं थांबून पाऊस लागला त्या आठवड्यात, मी आयकर रिटर्न भरायचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. घरातली तीन रिटर्न त्यावर भरली: माझं, सासऱ्यांचं म्हणजे नानांचं आणि डोंबिवलीच्या भाऊजींचं. तिन्हींत शेअरविक्री होती. लग्नाआधी मी पतपेढीत हिशेब पाहायचे, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. पण शेअर आले की आम्ही फाईल उचलून चिपळूणला सल्लागाराकडे द्यायचो. या वर्षी गुहागरात घरी बसून केलं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा बहुतेक सॉफ्टवेअरना लागू पडेल असं वाटतं. सांगायचंय ते विक्रीच्या समरीबद्दल, म्हणजे सगळ्या विक्री वेगवेगळ्या न लिहिता बेरजेत दाखवण्याबद्दल.

वर्षभरात शंभर-दोनशे वेळा शेअर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की प्रत्येक विक्री वेगळी लिहायची का. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरसाठी, म्हणजे अल्प मुदतीच्या नफ्यासाठी, फॉर्ममध्ये कंपनीनिहाय तक्ता नाहीच. एकूण विक्री, एकूण खरेदी आणि दलालीसारखा खर्च एवढंच द्यायचं. दीर्घ मुदतीसाठी कलम ११२ए चं वेगळं शेड्यूल, म्हणजे तक्ता, आहे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले शेअर असतील तर तिथे कंपनीनिहाय ओळी लागतात. त्या तारखेनंतर घेतलेले सगळे शेअर एकत्र करून एका ओळीत टाकता येतात. आयएसआयएनच्या, म्हणजे प्रत्येक शेअरच्या ओळख क्रमांकाच्या, रकान्यात ‘गरज नाही’ अशा अर्थाचा ठरलेला कोड जातो आणि नावाच्या जागी ‘कन्सॉलिडेटेड’. हे सॉफ्टवेअर तो कोड आपोआप भरतं. मात्र २०२४-२५ या वर्षापुरती एकाऐवजी दोन ओळी कराव्या लागल्या, कारण २३ जुलै २०२४ पासून दर बदलले. दीर्घ मुदतीचा १० चा १२.५ टक्के झाला, अल्प मुदतीचा १५ चा २० टक्के. दीर्घ मुदतीच्या नफ्यातली करमुक्त रक्कम मात्र पूर्ण वर्षासाठी १ लाख २५ हजार धरायची.

भाऊजी गणपतीला आले तेव्हा त्यांच्या ब्रोकरची एक्सेल फाईल घेऊनच आले. चाकरमानी घरी आला की आरती, पाहुणे, उकडीचे मोदक, त्यात हे काम. मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती म्हणून निभावलं. फाईलमध्ये २१४ विक्री होत्या: ६१ दीर्घ, १५३ अल्प मुदतीच्या. सगळी खरेदी २०१८ नंतरची. समरीचा पर्याय निवडला आणि २१४ च्या चार ओळी झाल्या: दीर्घ मुदतीच्या दोन, अल्प मुदतीच्या दोन. भाऊजी म्हणाले, “वहिनी, एवढंच? मग मी दरवर्षी दोन रविवार का घालवतो?”

त्या चार ओळी लगेच पाठवल्या असत्या तर भाऊजींचे दहा हजार रुपये हकनाक गेले असते. त्यांनी २०२२ मध्ये ब्रोकर बदलला होता. जुन्या खात्यातले शेअर नव्या खात्यात आले, पण खरेदीचा भाव आला नाही. नव्या ब्रोकरच्या फाईलमध्ये अशा तीन कंपन्यांची खरेदी शून्य होती, म्हणजे विकलेली सगळी रक्कम नफ्यात धरली गेली होती. सॉफ्टवेअरने फाईलमध्ये होतं तेच बेरजेत घेतलं. जुन्या ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराच्या पावत्या, भाऊजींच्या ईमेलमध्ये सापडल्या आणि नफा ८४,००० रुपयांनी खाली आला. विक्री २३ जुलैनंतरची, करमुक्त रक्कम आधीच संपलेली, म्हणजे १२.५ टक्क्यांनी १०,५०० आणि त्यावर ४ टक्के सेस धरून १०,९२० रुपये वाचले.

समरीचा खरा धोका मला इथे कळला. ओळीओळीने भरताना शून्य डोळ्यांना खुपतं. बेरजेत ते बुडून जातं, आणि सॉफ्टवेअर बेरीज तपासतं, बेरजेच्या आतलं नाही. तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. फाईल चढवण्याआधी खरेदीच्या रकमेचा रकाना लहानापासून मोठ्याकडे लावून घ्यायचा, म्हणजे सगळी शून्यं वर येतात. भाऊजींच्या फाईलमध्ये एकूण चार शून्यं होती. चौथं खरं होतं: कंपनीने फुकट दिलेले बोनस शेअर, त्यांची खरेदी किंमत शून्यच असते.

नानांचं रिटर्न मात्र समरीत बसणारं नव्हतं. त्यांनी नव्वदच्या दशकापासून थोडे थोडे शेअर घेतले. चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान होतं, सगळे कागद दुकानामागच्या कपाटात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं त्यात ते कपाट गेलं. शेअर डिमॅटमध्ये सुरक्षित राहिले, खरेदीच्या पावत्या राहिल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या घराचं छप्पर काढायला घेतलं तेव्हा नानांनी काही शेअर विकले. रिटर्नची वेळ आली तेव्हा त्यांना एकच काळजी, “पावती नाही तर मी चोर ठरणार का गं?”

इथे कायद्यातली तरतूद धीर देणारी आहे. जुन्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वात वरचा भाव पाहायचा. तो आणि विक्रीचा भाव यांतला जो कमी, त्याची तुलना मूळ खरेदीशी करायची आणि त्यातला जो जास्त तो खरेदी भाव धरायचा. नानांच्या शेअरचे भाव इतके वाढलेले होते की मूळ खरेदी शून्य लिहिली तरी करात एका रुपयाचा फरक पडत नव्हता. मी तसंच लिहिलं. हे समजावलं त्या रात्री नाना शांत झोपले.

सॉफ्टवेअरकडे ३१ जानेवारी २०१८ च्या भावांची यादी आहे, आयएसआयएन दिला की भाव स्वतः येतो. ही सोय मनापासून आवडली. पण एका कंपनीचा भाव आला नाही, कारण मधल्या काळात १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर झाले होते आणि असं विभाजन झालं की आयएसआयएन बदलतो. मी नावाने शोधलं तर १,१५० रुपये भाव मिळाला. तो ठेवून पुढे गेले तर नफा शून्य दाखवला. नाना खूश झाले, मला पटेना. पुन्हा मांडून पाहिलं: जुने ४० शेअर विभाजनानंतर २०० झाले, ४१० रुपयांनी ८२,००० ला विकले. १,१५० हा जुन्या मोठ्या शेअरचा भाव. पाचाने भागला की २३०. सॉफ्टवेअरने न भागलेला भाव घेतला, तो विक्रीपेक्षा जास्त, म्हणून कमी तो विक्रीचा भाव धरला आणि नफा पुसला गेला. खरी खरेदी ४६,००० आणि नफा ३६,०००.

त्यामुळे नानांचा एकूण दीर्घ मुदतीचा नफा १,१२,००० वरून १,४८,००० झाला, म्हणजे करमुक्त मर्यादेच्या २३,००० वर. व्याज-भाड्याचं उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या मूळ मर्यादेच्या वर असल्यामुळे त्या २३,००० वर सेससह २,९९० रुपये कर भरला. नाना म्हणाले, “भर. जे आहे ते आहे.” मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत विभागाला हे सगळं आकड्यांसह लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की विभाजन आणि बोनस वापरणाऱ्यानेच तपासावेत. हे उत्तर मला मान्य नाही. पैसे घेऊन भाव पुरवता, तर निदान त्या रकान्याशेजारी एक सूचना हवी. सत्तरीतला माणूस एकटा भरत असेल तर तो शून्य नफ्यावर विश्वास ठेवून पुढे जाईल.

दुसरी अडचण तारखांची. नफा वर्षात कधी झाला याचा एक तक्ता फॉर्ममध्ये असतो: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. आगाऊ कराचं व्याज त्यावरून ठरतं. ब्रोकरची फाईल चढवली तर सॉफ्टवेअर तो नीट भरतं. पण माझ्या रिटर्नमध्ये मी बेरजा हाताने टाकल्या, तर सगळा नफा शेवटच्या रकान्यात गेला. मला तो तोडून पुन्हा भरावा लागला. नानांना हा त्रास नाही, कारण साठीच्या पुढच्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला आगाऊ कर लागत नाही. दुकान त्यांनी पुरानंतर बंदच केलं.

एआयएसमधली, म्हणजे आयकर विभागाकडे जमा झालेल्या आपल्या व्यवहारांच्या वार्षिक पत्रकातली, विक्रीची रक्कम आणि भाऊजींची बेरीज यांत १,३०० रुपयांचा फरक होता. एआयएसमध्ये येणारी रक्कम अंदाजे असते, म्हणून आम्ही काँट्रॅक्ट नोटची रक्कम ठेवली. तिन्ही रिटर्नची प्रक्रिया पूर्ण होऊन सूचना आल्या आहेत, कुठेही फरक काढलेला नाही. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावर कापला जाणारा कर, खर्चात धरता येत नाही, ती सॉफ्टवेअरने स्वतःहून वगळली. हे चांगलं केलंय.

बाकीचं थोडक्यात. पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि हे सॉफ्टवेअर ‘पुढे’ दाबेपर्यंत काही जपून ठेवत नाही. दोनदा पान पुन्हा भरलं. मराठी नाही. तीन रिटर्नचे मिळून साधारण १,५०० रुपये गेले, ते मला वाजवी वाटतात. भाऊजींचा अल्प मुदतीचा तोटा असता तर तो पुढे आठ वर्षं ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच; ही आठवण सॉफ्टवेअरने वेळेवर दिली होती.

शेजारच्या मावशींना मी हे घेऊ नका म्हटलं. त्यांची पेन्शन, थोडं व्याज आणि म्युच्युअल फंडातून ४०,००० चा दीर्घ मुदतीचा नफा. २०२४-२५ च्या रिटर्नपासून १ लाख २५ हजारांपर्यंतचा असा नफा साध्या ‘सहज’ फॉर्ममध्येही दाखवता येतो, मागचा तोटा ओढायचा नसेल तर. तिथे एकूण विक्री आणि एकूण खरेदी एवढंच विचारतात. आयकर विभागाच्या पोर्टलवर आम्ही दोघींनी मिळून ते चहा थंड व्हायच्या आत भरलं.

जूनमध्ये मी हेच सॉफ्टवेअर पुन्हा घेणार आहे. नानांकडे अजून अकरा कंपन्यांचे शेअर आहेत. त्यांतल्या कुठल्यांचं २०१८ नंतर विभाजन झालं ते मी या महिन्यात एका वहीत लिहून काढतेय. सात झाल्या, चार राहिल्या आहेत.