ज्येष्ठांसाठीचा घरपोच डबा : मऊ आहे, पण पुरेसा नाही

पुण्यात एकट्या राहणाऱ्या आमच्या मावशींना गेल्या काही महिन्यांपासून ‘खास ज्येष्ठांसाठी’ म्हणून मिळणारा डबा लावला आहे. वक्तशीरपणाला नावे ठेवायला जागा नाही. कवळी लावणाऱ्यालाही सहज चावता येईल असा फुलका, दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, मऊ भात आणि वरण असा साधारण बेत असतो, आणि तेल, तिखट, मीठ बेताचेच असते.

खटकते ते वरण. वाटी थोडा वेळ तशीच ठेवली, की वर पिवळे पाणी आणि तळाशी चमचाभर डाळ उरते. वृद्धांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान १ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३० किलोकॅलरी मिळाव्यात, असे ‘एस्पेन’ या युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे मावशींसारख्या ४५ किलो वजनाच्या बाईला दिवसाकाठी ४५ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि २५ ग्रॅम कोरड्या डाळीतून तर जेमतेम ६ ग्रॅम मिळतात. उसळ किंवा पनीर क्वचितच येते, दही नेमाने येत नाही, आणि अंडे तर मागूनही मिळत नाही.

म्हातारपणी हलके खावे, हा समज या डब्याच्या मुळाशी आहे. धडधाकट, स्थूल माणसाला तो कदाचित मानवेलही. परंतु आधीच अंगावर मांस नसलेल्या माणसाला अनावश्यक पथ्यावर ठेवणे म्हणजे कुपोषणाला वाट करून देणे होय. वयाबरोबर चव आणि वास मंदावतात, त्यात अन्न अळणी, मग निम्मा डबा तसाच परत जातो. तो परत आल्याची नोंद मात्र स्वयंपाकघरात कोणीही ठेवत नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते. तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन उतरणे ही वृद्धांच्या पोषणतपासणीतील धोक्याची खूण मानली जाते. उरलेले अन्न पाहणाऱ्याला ती वजनकाट्याच्याही आधी दिसू शकते.

डब्याची कडी संधिवाताच्या बोटांना उघडत नाही, हेही सांगायला हवे. मावशी ती चमच्याच्या दांड्याने उचकटतात.

तक्रार केल्यावर वरण दाट झाले, पण चारच दिवस. सध्या आम्ही वरणभातावर साजूक तूप, भाजीत दाण्याचे कूट आणि सोबत वाटीभर दही अशी भर घालतो. जवळ कोणी भर घालणारे असेल तरच हा डबा लावावा.